तमाशाचा फड आणि बंडाची वाणी



अमेरिकेत ‘कंट्री’ ह्या नावाने ओळखले जाणारे एक खेडवळ संगीत आहे. शेतीचे कष्ट, घराची ओढ, फसलेली प्रीती, देवावरचा भाव असे त्याचे साधे विषय, आणि फिडल, बँजो, गिटार ही त्याची हाताशी सापडणारी वाद्ये. १९२५ साली नॅशविल शहरातील नभोवाणी केंद्राने सुरू केलेला एक कार्यक्रम पुढे ‘ग्रँड ओल ऑप्री’ ह्या नावाने प्रसिद्धीस आला आणि त्याने हे संगीत घरोघर पोचविले. त्यानंतर सुमारे ५० वर्षांनी न्यूयॉर्क व लंडन येथील तरुणांनी ‘पंक’ नावाचा दुसराच प्रकार उभा केला. दीड-दोन मिनिटांचे गाणे, मोजके स्वरमेळ, फाटक्या गळ्याचा आरडाओरडा आणि प्रतिष्ठितांच्या तोंडावर फेकलेला राग, असे त्याचे स्वरूप होते. पहिले संगीत आजोबांचे, तर दुसरे घर सोडून गेलेल्या नातवाचे. ह्या दोहोंचे कधी जमेल असे कोणासही वाटले नसते. परंतु १९८० नंतर ते जमले. खुद्द नॅशविलमध्ये ‘जेसन अँड द स्कॉर्चर्स’ ह्या वाद्यवृंदाने, इंग्लंडात लीड्सच्या ‘मीकन्स’ मंडळींनी आणि १९९० साली आपली पहिली ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या ‘अंकल टुपेलो’ ह्या इलिनॉयमधील तरुणांनी दोन्हींची मोट बांधली. जाणकारांनी थट्टेने ह्या प्रकाराला ‘काउपंक’, म्हणजे गुराख्यांचा पंक, असे नाव दिले.

हे का जमले, ह्याचे कारण फार खोल नाही. दोन्ही प्रकारांत गळा कमावलेला असावा लागत नाही. सांगण्यासारखे काही असले म्हणजे पुरे. शिवाय दोहोंनाही शिष्टांच्या दिवाणखान्यात मज्जाव होता. हे लक्षात आले म्हणजे आपली दृष्टी सातासमुद्रापलीकडून आपोआप अहिल्यानगर जिल्ह्याकडे, पूर्वीच्या अहमदनगराकडे वळते. कारण खेड्यातले गाणे आणि बंडाची वाणी ह्यांचा संसार ह्या जिल्ह्यात, विशेषतः प्रवरेकाठच्या संगमनेरात, २०० वर्षांहून अधिक काळ चालत आलेला आहे.

त्याचा पहिला कर्ता पुरुष अनंतफंदी. १७४४ ते १८१९ हा त्याचा काळ. आडनाव घोलप, जात ब्राह्मणाची, आणि व्यवसाय तमाशाचा! मलिक फंदी नावाच्या फकिराशी त्याची मैत्री होती, त्यावरून लोक ह्यालाही फंदी म्हणू लागले. ब्राह्मणाच्या नावापुढे फकिराचे नाव कायमचे चिकटावे आणि त्यात कोणास काही वावगे वाटू नये, ही गोष्ट त्या काळच्या फडाविषयी पुष्कळ काही सांगून जाते. डफ, तुणतुणे, मागे झील धरणारे साथीदार, एवढ्या भांडवलावर हा गृहस्थ गावोगाव हिंडला. १७९५ साली ह्याच जिल्ह्यातील खर्डे येथे मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. त्या लढाईवर त्याने पोवाडा रचला. सवाई माधवरावाच्या मृत्यूवर ‘श्रीमाधवनिधन’ हे काव्य केले. परंतु त्याचे नाव आजवर राहिले आहे ते फटक्यामुळे.

फटका हे नावच पाहा. लावणी ऐकणाऱ्यास गोंजारते, पोवाडा स्फुरण चढवितो, फटका पाठीवर बसतो. चाल द्रुत, यमके एकामागून एक येणारी, आणि बोलणे थेट समोरच्या माणसाशी, अरे-तुरेच्या भाषेत. दीड-दोन मिनिटांच्या त्या विलायती गाण्यात जो आवेश असतो तो येथे आहे. मात्र तो ढोलकीच्या फडात वाढलेला आहे, म्हणून त्याचा ठेका कानास परका वाटत नाही. गंमत अशी की, ह्या चाबकातून निघणारा उपदेश पुष्कळदा फारच सोज्वळ असतो. रुळलेली वाट सोडू नये, संसारात जपून वागावे, असे हा शाहीर बजावतो. आणि बजावणारा कोण, तर आपल्या जातीची रुळलेली वाट सोडून फडावर उभा राहिलेला पुरुष! मला स्वतःला ह्यात ढोंग दिसत नाही. आडवाटेचे काटे ज्याच्या पायांत मोडले आहेत त्याचाच तो अधिकार होय.

अनंतफंदीच्या चरित्रात एक आख्यायिका आहे. अहिल्याबाई होळकर ह्या जिल्ह्यातील चौंडीच्या कन्या, आणि जिल्ह्याचे आजचे नाव त्यांच्यावरूनच पडलेले आहे. त्यांनी ह्या शाहिराला, ब्राह्मणाने तमाशा करणे शोभत नाही असे सुनावले. त्यावर त्याने डफ टाकला आणि तो कीर्तनास उभा राहिला, अशी ती कथा. सोलापूरच्या राम जोशाविषयीही मोरोपंतांच्या संबंधाने थोडीबहुत अशीच हकीगत सांगतात. अशा कथांत शाहीर नेहमी फडातून देवळात जातो. देवळातून फडात कोणी आल्याचे सांगत नाहीत. परंतु गळा तोच, तालाची जाण तीच, आणि समोर बसलेल्या माणसाची नाडी ओळखण्याचे कसबही तेच. डफ टाकणाऱ्याने ते कोठे टाकायचे? तमाशा आणि कीर्तन ह्यांच्यामधली भिंत आपण समजतो तितकी जाड कधीच नव्हती.

ही भिंत किती पातळ होती ह्याचा दुसरा पुरावा नगर शहरात सापडतो. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनचे लोक तेथे येऊन राहिले. त्यांच्याबरोबर इंग्रजी उपासनागीतांच्या चाली आल्या आणि मराठी शब्द त्या चालींच्या मापात बसवू लागले. ती गीते देवळात म्हटली गेली. खेड्यातल्या पारावर मात्र ती रुजेनात. तेव्हा १८६० नंतरच्या काळात कृष्णराव रत्नाजी सांगळे ह्यांनी ख्रिस्तचरित्रावर चक्क कीर्तन उभे केले. अभंग, ओव्या, साक्या, दिंड्या, सर्व साज आपलाच. आख्यान तेवढे नवे. पुढे १८९५ साली ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण वामन टिळक नगरास आले आणि त्यांनी हाच मार्ग काव्याच्या उंचीवर नेला. विलायती चालीत अवघडलेली भक्ती त्यांच्या अभंगांत व भजनांत मोकळेपणी बोलू लागली. नव्या मताने जुनी चाल स्वीकारली म्हणजे ते मत लोकांच्या तोंडी बसते, हे ह्या मंडळींनी चांगले ओळखले होते.

ह्याच युक्तीने पुढे खरे बंड उभे राहिले. महात्मा फुले ह्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापिला, आणि त्यातून निघालेल्या जलशांनी तमाशाचा सांगाडा जसाच्या तसा उचलला. गण, गौळण, बतावणी, सवालजवाब, वग हा क्रम खेडुतांच्या अंगवळणी पडलेला होता. जलसेवाल्यांनी त्यातला मजकूर पालटला. गणातील गणपती म्हणजे लोकगणांचा पती, असा नवा अर्थ लावला. भटजीची व सावकाराची बतावणीत हजेरी घेतली. सवालजवाबात पोथीलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. १९३० नंतर भीमराव कर्डक ह्यांच्यासारख्यांनी आंबेडकरी जलसे नाशिक-नगरच्या बाजूने गाजविले. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर ह्यांनी लाल बावटा कलापथक काढले. ढोलकी तीच, हलगी तीच. पण ती ऐकून घरी परतणारा मनुष्य आला होता तसाच परत जात नसे.

येथवर सारे विजयाचेच वर्णन झाले. परंतु ह्या मिश्रणाची किंमत कोणी मोजली, हेही पाहिले पाहिजे. आणि त्यासाठी पुन्हा संगमनेरासच जावे लागते.

संगमनेर तालुक्यातील हिवरगाव हे पवळा हिचे गाव. महार कुटुंबात जन्मलेली ही मुलगी तमाशाच्या बोर्डावर उभी राहिली. त्यापूर्वी तेथे बायकांची कामे नाच्या पोरे करीत. पवळेने ती रूढी मोडली. तिच्या गाण्याने व रूपाने वेडावून पठ्ठे बापूराव, म्हणजे रेठऱ्याचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, वतन व जात सोडून फडात आले. अनंतफंदीने जे केले तेच एका शतकाने पुन्हा घडले; ह्या वेळी मात्र परत फिरणे नव्हते. बापूरावांची लावणी आणि पवळेचा गळा ह्यांनी मुंबईची थिएटरे भरली. दोघांच्या नावांत लोक आज बापूरावांचेच नाव अगोदर घेतात, हा न्याय आहे असे मला वाटत नाही.

१९२७ सालच्या महाडच्या सत्याग्रहासाठी पठ्ठे बापूरावांनी तमाशाचे खेळ करून त्याचे उत्पन्न देऊ केले, आणि बाबासाहेब आंबेडकरांनी ते नाकारले, असे सांगितले जाते. अस्पृश्य स्त्रियांना नाचवून मिळविलेला पैसा त्यांच्याच मुक्तीच्या कामी घ्यावयाचा नाही, हा त्या नकाराचा अर्थ होता. तो नकार योग्यच होता. ज्या स्त्रीकडे सारे गाव रात्री टक लावून पाही, तिला दिवसा त्याच गावात पाणवठ्यावर जाता येत नसे; अशा कलेचे नुसते कौतुक करणे म्हणजे त्या जुलमात वाटेकरी होणे होय.

म्हणून जलशांतून नाचणारी स्त्री गेली. तिच्यासाठी लिहिलेली गौळण गेली किंवा पालटली, आणि बंडाचे गाणे काही काळ पुरुषांच्याच तोंडी राहिले. अपमान गेला हे खरे. परंतु त्याबरोबर त्या स्त्रीचा आवाजही फडाबाहेर गेला, आणि तो गेल्याचे फारसे कोणाच्या ध्यानातही आले नाही. तिची ती पोटाची भाकरी होती. ती सोडल्यावर तिने काय करावे, ह्याचे उत्तर कोणत्याही जलशाच्या वगात दिलेले माझ्या वाचनात आलेले नाही.

तो आवाज परत आला, पण हळूहळू आणि निरनिराळ्या वाटांनी. संगमनेरातच वस्ती केलेल्या कांताबाई सातारकर ह्यांचे उदाहरण घ्या. त्या नाचल्या, गायल्या, पुरुषांच्या भूमिकाही त्यांनी गाजविल्या. आणि तुकाराम खेडकर ह्यांच्या निधनानंतर पुढे त्यांनी स्वतःचा फड उभा केला. कनाती, राहुट्या, मालमोटारी, शेकडो मैलांचा दौरा, जत्रेच्या सुपाऱ्या आणि कलावंतांचे पगार, हा सारा व्याप एका बाईने हाकला. ती कोणाच्या फडात नाचत नव्हती. तिच्या फडात इतर लोक कामास होते. २०२१ साली संगमनेर येथेच त्यांचे निधन झाले. दुसरी वाट मराठवाड्याच्या कडूबाई खरात ह्यांची. हातात एकतारी घेऊन त्यांनी गाइलेली बाबासाहेबांची गीते आज खेडोपाडी ऐकू येतात. त्या आवाजात आर्जव नाही, शृंगार नाही, आणि ओरडाही नाही. एक बाई आपल्या पदरात काय आले ते मोजून सांगते आहे, आणि ते कोणामुळे आले हेही सांगते आहे, इतकेच.

संगमनेरात अनंतफंदीच्या नावाचे स्मरण अजून होते. हिवरगाव तेथून दूर नाही. पवळेची आठवण करावयाची तर वाट तेवढीच आहे.