वैयावृत्त्य : एका तासाचे दान



वृद्ध व रुग्ण साधूंची शुश्रूषा म्हणजे वैयावृत्त्य. सहा आभ्यंतर तपांतील हे तप आता गावातील वृद्धांच्या घरीही पोहोचावे. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील साठीपुढील सुमारे ७१ टक्के लोक ग्रामीण भागात होते. मुले शहरात, घरी एकटी आजी. श्रावणबाळ योजनेचे साहाय्य २०२३ मध्ये दरमहा १५०० रुपये झाले. त्यात औषध-किराणा भागवून पगारी सेविका कशी परवडावी? गावातीलच प्रशिक्षित भगिनीने रोज तासभर स्नान, जेवण, औषध पाहावे. चार-पाच घरांनी यथाशक्ती मानधन द्यावे. उणे पडेल ते विश्वस्त निधीने भरावे. आहार, औषध व अभय ही तिन्ही दाने त्या एका तासात घडतात.

जय जिनेंद्र!