नकाराचा मान राखणारे संशोधन
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत मानसोपचार विभागाच्या वतीने केलेले भाषण)



वर्षभरातील कार्याचा तपशील या अहवालात अन्यत्र आहेच. आज आम्ही विभागाच्या एका अशा कामाविषयी बोलणार आहोत, जे आकड्यांत फारसे दिसत नाही. मानसशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी आपल्याकडे प्रशिक्षणासाठी येतात आणि लघुप्रबंधासाठी येथील रुग्णांशी व नातेवाइकांशी बोलतात. हातात प्रश्नावली घेऊन बाकावर आपल्याशेजारी बसणारा हा विद्यार्थी काय शिकून आलेला असतो, हे जाणून घेण्याचा आपल्याला हक्क आहे. कारण प्रश्न आपल्या माणसांना विचारले जातात.

संशोधन पद्धती म्हणजे नमुना निवडणे, प्रश्नावली भरून घेणे आणि संख्याशास्त्राची गणिते सोडवणे, असा विद्यार्थ्यांचा प्रारंभी समज असतो. नीतिनियमांचे प्रकरण बहुधा पुस्तकाच्या एका कोपऱ्यात असते. आम्ही मात्र हे दोन्ही विषय एकत्र शिकवतो. ज्या माणसाला नाही म्हणता येत नाही, त्याचे हो विश्वासार्ह नसते, आणि त्याने दिलेली उत्तरेही विश्वासार्ह नसतात, हे त्यामागील साधे कारण आहे.

इतिहासातील दोन उदाहरणे विद्यार्थ्यांपुढे आम्ही आवर्जून ठेवतो. अमेरिकेतील अलाबामा राज्यात टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सरकारी आरोग्य खात्याने सुमारे सहाशे गरीब कृष्णवर्णीय पुरुषांचे निरीक्षण केले. त्यांतील ३९९ जणांना सिफिलिस होता. पेनिसिलिन हा खात्रीचा उपाय उपलब्ध झाल्यावरही त्यांना तो दिला गेला नाही. मोफत तपासणी, जेवण आणि अंत्यविधीच्या खर्चाची हमी एवढ्यावर ती माणसे कृतज्ञतेने येत राहिली. आपल्यावर उपचारच होत आहेत, अशी त्यांची समजूत होती. दुसरे उदाहरण येल विद्यापीठातील स्टॅन्ली मिलग्रॅम यांच्या प्रयोगाचे. समोरच्या माणसाला विजेचे झटके देण्याची सूचना प्रयोगशाळेचा कोट घातलेली व्यक्ती करत होती. झटके खोटे होते, पण ते देणाऱ्याला हे ठाऊक नव्हते. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ४० पैकी २६ जणांनी शेवटचे, ४५० व्होल्टचे बटण दाबले. त्यांतील अनेकांना घाम फुटला होता, हात थरथरत होते. तरीही त्यांच्याने उठून जाववले नाही. माणसांना अशा ताणात ढकलणे कितपत योग्य, हा वाद त्या प्रयोगानंतर मानसशास्त्रात पेटला.

पहिल्या उदाहरणात उपकाराचे ओझे आहे, दुसऱ्यात अधिकाराचे. धर्मादाय रुग्णालयात ही दोन्ही ओझी एकाच खाटेवर येऊन पडतात. २००६ पासून लागू झालेल्या योजनेनुसार महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. हा रुग्णाचा हक्क आहे. परंतु अशा खाटेशेजारी बसलेल्या मावशींना विद्यार्थिनीने एक फॉर्म भरण्याविषयी विचारले, तर "तुम्ही म्हणाल तिथे अंगठा उठवते, बाई" हेच उत्तर येण्याचा संभव अधिक. त्या अंगठ्याला संमती म्हणावे काय?

एक नेहमीचा प्रबंधविषय घेऊ : स्किझोफ्रेनिया झालेल्या रुग्णाची काळजी घेणाऱ्या नातेवाइकांवरील ताण. येथे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी स्वतः संमती मागू नये, असा आमचा दंडक आहे. माहितीपत्रक सोप्या मराठीत असावे, वाचता न येणाऱ्यास साक्षीदारासमक्ष वाचून दाखवावे, आणि घरी विचारून येण्यास अवधी द्यावा. नकार मिळाल्यास त्याची नोंद केसपेपरवर होता कामा नये. प्रश्नावलीवर नावाऐवजी क्रमांक असावा. असे केल्यावरच त्या मावशी "माझे सगळे छान चालले आहे" याच्या पलीकडचे बोलू लागतात. मोफत उपचार बंद होतील या भीतीने दिलेली गोड उत्तरे कितीही बिनचूक गणिताने मोजली, तरी निष्कर्ष खोटाच निघतो.

प्रश्नावलीच्या भाषेचेही तसेच आहे. इंग्रजी प्रश्न शब्दशः मराठीत आणून भागत नाही. आपल्याकडे माणूस "मला नैराश्य आले" असे क्वचितच म्हणतो. "मन लागत नाही", "जिवाला बरे वाटत नाही" असे म्हणतो. म्हणून केलेले भाषांतर दुसऱ्या जाणकाराकडून पुन्हा इंग्रजीत करवून मूळाशी ताडून पाहावे लागते.

नैराश्य मोजण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या पीएचक्यू-९ या प्रश्नावलीतील नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. त्यावर कोणी होकारार्थी खूण केली, तर तो कागद प्रबंध पूर्ण होईपर्यंत गठ्ठ्यात पडून राहू शकत नाही. त्याच दिवशी, ती व्यक्ती घरी जाण्यापूर्वी, तज्ज्ञाशी तिची भेट घडवणे विद्यार्थ्याचे कर्तव्य ठरते. अशा वेळी गोपनीयतेला मर्यादा पडते, हेही संमती घेतानाच सांगावे लागते. हा प्रश्न विचारण्याआधी मदतीची व्यवस्था नसेल, तर तो विचारूच नये, असे आम्ही शिकवतो.

हे केवळ आमच्या विभागाचे मत नव्हे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ अन्वये मानसिक आजार असलेल्या व्यक्तीवरील संशोधनासाठी, अगदी मुलाखतीसाठीही, मुक्त व माहितीपूर्ण संमती आवश्यक आहे, आणि ती केव्हाही मागे घेता येते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नैतिकता समितीचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा असावा लागतो. समितीत कायदेतज्ज्ञ आणि सामान्य नागरिकही असतात. त्यामुळे कामाला विलंब होतो, हे खरे. तो विलंब आम्ही रुग्णसेवेचाच भाग मानतो.

देणगीदारांना एक नम्र निवेदन. आपण दिलेल्या दानाचे फळ पाहण्याची इच्छा स्वाभाविक आहे. परंतु समुपदेशनाचा अपेक्षित उपयोग झाला नाही असे अभ्यासात दिसले, तर तेही तितक्याच स्पष्टपणे मांडले गेले पाहिजे. मानसशास्त्रातील शंभर अभ्यासांची पुनरावृत्ती केल्याचा अहवाल २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जेमतेम ३६ टक्के अभ्यासांतच पुन्हा ठोस परिणाम आढळला. आपल्याला हवे तेच प्रसिद्ध करण्याच्या सवयीचा त्यात मोठा वाटा आहे.

आणि रुग्णांच्या आप्तांना विनंती. कोणी विद्यार्थी आपल्याकडे आला, तर हे कशासाठी, माझी माहिती कोण पाहील आणि मी नाही म्हटले तर काय होईल, एवढे अवश्य विचारा. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर "काहीही होणार नाही, उपचार असेच चालू राहतील" असेच असले पाहिजे. ते उत्तर मनापासून देणारा विद्यार्थी घडवणे हे आमच्या अध्यापनाचे ध्येय आहे, आणि त्यासाठी आपला नकारही आम्हांला होकाराइतकाच मोलाचा आहे.