दाराखालची फट

संग्रहपाल, ग्रंथपाल आणि वसईकर मित्रहो,

या परिषदेच्या अध्यक्षपदावरून वारसा आणि अस्मिता यांवर बोलायची रीत आहे. मी उंदरांवर बोलणार आहे आणि तो वारशाचाच विषय आहे.

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा ‘बुरूड राजाचा कोट’ हा स्तूप खणला. आतून निघालेला दगडी करंडा आणि ब्राँझच्या आठ बुद्धमूर्ती मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेल्या. अशोकाच्या आठव्या आज्ञेचा तुकडा त्याच साली सोपाऱ्यात सापडला, नवव्या आज्ञेचा १९५६ मध्ये भुईगावला. हे दोन्ही शिलाखंडही आज मुंबईच्या संग्रहालयात आहेत. दगड आणि धातू मुंबईला गेले. आपल्या हाती उरलं ते दाताला लागणारं. चर्चमधली बाप्तिस्म्याची रजिस्टरं, मोडी कागदांचे रुमाल, वाचनालयातले जुने अंक, कुपारी बायकांची लाल लुगडी. हे सांभाळणारी इमारत बहुधा जुनी, कौलारू आणि दाराखाली बोटभर फट असलेली.

उंदीर कागद पोटासाठी कुरतडत नाही. त्याला घरट्यासाठी मऊ चिंध्या हव्या असतात. बांधणीतली खळ मात्र तो आवडीनं खातो. रुमालात त्यानं घर केलं की समासातले शेरे आधी जातात. उरलेल्या अक्षरांवर मुताचे डाग पडतात. त्याचे दात जन्मभर वाढतात, म्हणून विजेच्या तारांचं आवरणही सुटत नाही. तिथून ठिणगी पडली तर एका रात्रीत सगळं दालन जाईल.

आपल्याकडे तो आत घुसण्याचे हंगाम दोन. पावसात बिळांत पाणी शिरतं तेव्हा, आणि दिवाळीच्या सुमारास भातकापणी उरकते तेव्हा. आमंत्रण मात्र बारा महिने आपलंच असतं. उद्घाटन झालं की दालनातच बटाटेवड्यांची पाकिटं उघडतात, सत्काराचे नारळ कपाटामागे पडून राहतात.

मग कोणीतरी औषध टाकतो. विष खाल्लेला उंदीर भिंतीच्या पोकळीत मरतो. त्या मढ्यावर कातडं आणि केस खाणारे किडे पोसले जातात आणि तिथून आपल्या लोकरी-चामडी वस्तूंकडे वळतात. चिकट पॅडवर जनावर तासन्‌तास तडफडतं. असे पॅड वापरू नयेत, असं पशुकल्याण मंडळाचंही सांगणं आहे. मांजर पाळा, असं सुचवणारेही भेटतात. रशियातल्या हर्मिताज संग्रहालयात मांजरं आहेत खरी, पण ती तळघरात राहतात, दालनांत नाहीत. आपल्या दोन खोल्यांच्या संग्रहालयाला कुठलं आलंय तळघर?

खरा उपाय गवंड्याचा आणि झाडूवाल्याचा आहे. पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून घरातला लहान उंदीर सहज आत येतो. तेव्हा भोकात तारेची घासणी कोंबून वर सिमेंट लावा, दाराखाली पत्रा ठोका, खिडकीला बारीक जाळी बसवा. रॅक भिंतीपासून सुटे आणि जमिनीपासून वीतभर उंच ठेवा. उंदीर भिंतीच्या कडेनं पळतो. पिंजरा तिथेच लावा आणि रोज सकाळी बघा. कुणी पेटी भेट दिली तर ती तपासल्याखेरीज भांडारात नेऊ नका. लेंड्या सुक्या झाडू नका. हातमोजे घालून ओल्या फडक्यानं पुसा. लेप्टोस्पायरोसिसची भीती आपल्या भागाला नवी नाही.

या परिषदेनं दोन ठराव करावेत, अशी माझी विनंती आहे. पहिला, प्रत्येक संग्रहानं एक वही ठेवावी: कुठे लेंडी दिसली, कुठे कुरतडलं, कोणत्या तारखेला. वर्षभराच्या नोंदी एकत्र वाचल्या की उंदराची वाट आपोआप कळते. दुसरा, नवी काचेची कपाटं घेण्याआधी फटी बुजवण्याचा खर्च अंदाजपत्रकात धरावा. फट बुजवल्याचा फोटो वर्तमानपत्रात छापून येत नाही, म्हणूनच तो खर्च दरवर्षी मागे पडतो.

आणि पुढच्या परिषदेत या मंचावर संग्रहालयाची झाडलोट करणाऱ्यांपैकी कुणाला तरी बोलवा. उंदीर कुठून येतो, हे त्यांना आपल्या कितीतरी आधी ठाऊक असतं. आजवर त्यांना कुणी विचारलेलं नाही, एवढंच.