लिनक्ससाठी लॅपटॉप कसा निवडावा?

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संगणकावर चार शब्द बोलावेत असा संस्थेचा आग्रह झाला, म्हणून मी आपणांसमोर उभा आहे. मी भाषेचा शिक्षक आहे, अभियंता नव्हे. परंतु शाळेच्या संगणक-खोलीची जबाबदारी काही वर्षे माझ्याकडे असल्यामुळे निकाल लागला की पालक एक प्रश्न हमखास घेऊन येतात : "सर, मुलीला लॅपटॉप घ्यायचाय, कुठला घेऊ?"

हा प्रश्न साधा नाही. कोणी भिशीचे पैसे धरून बसलेला असतो, कोणाच्या भावाने आखातातून रक्कम पाठविलेली असते, तर कोणी हप्ते भरणार असतो. पुन्हा पुन्हा होणारा हा खर्च नव्हे. निवड चुकली तर यंत्र वर्षभरात कपाटावर जाते आणि मुलाचा अभ्यास अडतो. म्हणून आज मी एकच मुद्दा घेणार आहे. लिनक्स ही प्रणाली ज्यावर सुरळीत चालेल असा लॅपटॉप कसा ओळखावा?

प्रथम लिनक्स म्हणजे काय ते सांगतो. संगणक सुरू होताच जी मुख्य प्रणाली यंत्राचा ताबा घेते, तशी विंडोज ही एक प्रणाली आहे. लिनक्स ही दुसरी. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहावयास घेतला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली अमेरिकेत जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पाची साधने तिला जोडली गेली आणि पूर्ण प्रणाली उभी राहिली. उबुंटू, लिनक्स मिंट, डेबियन, फेडोरा ही तिचीच निरनिराळी रूपे होत. ती विनामूल्य मिळतात आणि कायदेशीरपणे मिळतात. चोरून उतरविलेली प्रणाली वापरण्याची पाळी येत नाही. केरळ राज्यात तर सरकारी शाळांतून मुक्त प्रणालीवरच संगणक शिकविला जातो.

आता पालकांच्या खिशाशी संबंध असलेली एक गोष्ट. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. विंडोज ११ साठी साधारणपणे इंटेलच्या आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. त्यामुळे कचेऱ्यांतील कितीतरी धडधाकट लॅपटॉप "जुने" ठरून बाजारात आले. लिनक्सला अशी अट नाही. जे यंत्र विंडोजने नाकारले, त्यावर आपला विद्यार्थी अजून कित्येक वर्षे अभ्यास करू शकतो.

परंतु थांबा. लिनक्स प्रत्येकाच्या कामाचे आहे असे मी म्हणणार नाही. टॅली, ऑटोकॅड, फोटोशॉप हे कार्यक्रम लिनक्ससाठी निघत नाहीत. ज्या अभ्यासक्रमात यांवाचून चालत नाही, तेथे आधी महाविद्यालयात विचारावे. ऑनलाइन परीक्षेसाठी एखादा विशिष्ट कार्यक्रम सक्तीचा आहे काय, तेही विचारावे. मात्र प्रोग्रॅमिंग शिकणारा, इंटरनेटवर अभ्यास करणारा, निबंध व हिशोबाचे तक्ते करणारा जो विद्यार्थी आहे, त्याचे काम लिनक्सवर उत्तम होते. पायथन, जावा, सी या भाषा तेथे सहज चालतात. लिब्रेऑफिसमध्ये वर्डच्या फायली उघडतात. क्वचित मांडणी थोडी सरकते, एवढेच.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. लॅपटॉप हा एक पदार्थ नव्हे. त्यात वायफायची चिप एका कंपनीची, चित्र दाखविणारी चिप दुसऱ्या कंपनीची आणि कॅमेरा तिसऱ्या कंपनीचा असतो. प्रणाली आणि हे भाग यांच्यामध्ये बोलणे करून देणारा दुभाष्या लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. विंडोजसाठी तो दुभाष्या कंपनीच देते. लिनक्समध्ये बहुतेक दुभाषे प्रणालीच्या गाभ्यातच बसलेले असतात. ज्या चिपचा दुभाष्या आत आहे, ती आपोआप चालते. ज्या चिपचा नाही, तिच्यापायी रात्र जागून काढावी लागते. म्हणून झाकणावरचे नाव पाहू नका, आतला भाग पाहा.

कोणते भाग पाहावेत, ते क्रमाने सांगतो.

पहिला वायफाय. इंटेलची वायफाय चिप असेल तर निश्चिंत असावे. ब्रॉडकॉमच्या कित्येक चिपांना वेगळा ड्रायव्हर घालावा लागतो, आणि तो उतरविण्यासाठी इंटरनेटच नसते! रिअलटेकच्या काही चिपा चालतात, काही त्रास देतात. तेव्हा त्या प्रत्यक्ष चालवून पाहाव्यात.

दुसरा ग्राफिक्स. इंटेल आणि एएमडी यांचे ग्राफिक्स लिनक्समध्ये सहसा काही न करता चालते. एनव्हिडियाच्या चिपसाठी कंपनीचा स्वतंत्र ड्रायव्हर घालावा लागतो. २०२२ साली त्या कंपनीने आपल्या नव्या चिपांसाठी ड्रायव्हरचा गाभ्याकडचा भाग खुला केला, तरी नवशिक्याच्या घरी ही कटकट नकोच. व्हिडिओ संपादन किंवा तत्सम काम नसेल तर वेगळ्या ग्राफिक्स कार्डासाठी पैसे घालू नयेत.

तिसरी गोष्ट प्रोसेसरची. येथे अनेकांचा गैरसमज असतो की, सर्वांत नवे तेच सर्वांत चांगले. लिनक्सच्या बाबतीत याच्या उलट घडते. बाजारात काल आलेल्या चिपचे दुभाषे तयार व्हावयास काही महिने लागतात. काही नव्या पातळ लॅपटॉपांतील कॅमेरेही याच कारणाने बंद राहतात. २०२४ पासून आलेले स्नॅपड्रॅगन एक्स प्रोसेसरचे लॅपटॉप आणि २०२० नंतरचे ॲपलचे एम मालिकेतील मॅकबुक हे नवशिक्याने लिनक्ससाठी घेऊ नयेत. वर्ष-दोन वर्षे जुने झालेले इंटेल किंवा एएमडीचे यंत्र बरे.

प्रोसेसरची पिढी ओळखणे सोपे आहे. 'आय५-६३००यू' यात पहिला आकडा ६, म्हणजे सहावी पिढी. 'आय५-८३५०यू' म्हणजे आठवी. 'आय५-११३५जी७' म्हणजे अकरावी. दुकानदार नुसते "आय फाइव्ह आहे" म्हणाला, तर पुढचा आकडा विचारावा. सहाव्या पिढीचा आय५ आणि अकराव्या पिढीचा आय५ यांत पुष्कळ अंतर आहे.

चौथी गोष्ट रॅम आणि साठवण. रॅम ८ जीबी असावी. ४ जीबीवर मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती चालते, पण ब्राउझरमध्ये पाच-सहा पाने उघडली की यंत्र दमते. साठवणीसाठी एसएसडीच असावी; फिरती हार्ड डिस्क असेल तर ती बदलून घेण्याचा खर्च किमतीत धरावा. ओळखीच्या एका पालकांनी नवा कोरा, हलका, स्वस्त लॅपटॉप आणला. ४ जीबी रॅम बोर्डाला डाग दिलेली, ६४ जीबी साठवण तीही बदलता न येणारी. वर्षभरात तो भरून गेला आणि वाढविण्यास जागाच नव्हती. तेव्हा "रॅम वाढविता येते काय?" हा प्रश्न पैसे देण्यापूर्वी विचारावा, नंतर नव्हे.

पाचवा बोटाचा ठसा वाचणारा भाग. तो लिनक्सवर चालेलच असे नाही. त्याची किंमत मोजू नका.

मग घ्यावे तरी काय? माझे मत असे की, मर्यादित पैसे असतील तर स्वस्त नव्यापेक्षा कचेरीतून निघालेला चांगल्या जातीचा जुना लॅपटॉप घ्यावा. लेनोव्होचा थिंकपॅड टी४८०, डेलचा लॅटिट्यूड ५४९०, एचपीचा एलिटबुक ८४० जी५ ही सारी २०१८ च्या सुमाराची, आठव्या पिढीचे प्रोसेसर मिळणारी यंत्रे आहेत. त्यांत रॅमसाठी दोन जागा आहेत, ती काढता-घालता येते आणि बटणांचा पाटा टणक असतो. नवाच घ्यावयाचा असेल, तर उबुंटूची मालक-संस्था कॅनोनिकल हिने तपासून प्रमाणित केलेल्या लॅपटॉपांची यादी इंटरनेटवर आहे, ती पाहावी. मात्र यादीतील नाव आणि हातातील यंत्राचा पूर्ण क्रमांक जुळवून घ्यावा. एकाच नावाखाली निरनिराळ्या चिपा असलेली यंत्रे विकली जातात.

आता सर्वांत महत्त्वाचे. लिनक्सची एक सोय अशी आहे की, ते लॅपटॉपमध्ये न बसविता पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. ८ जीबीचा एक पेनड्राइव्ह घ्या. मिंटच्या संकेतस्थळावरून फाइल उतरवा आणि एचर किंवा रुफस या कार्यक्रमाने ती पेनड्राइव्हवर चढवा. पेनड्राइव्हवर आधी असलेले सारे पुसले जाते, हे ध्यानात ठेवा. मग दुकानात जा. यंत्र सुरू करताना डेल व थिंकपॅडवर एफ१२, एचपीवर एफ९ हे बटण दाबले की पेनड्राइव्ह निवडता येतो. फक्त 'इन्स्टॉल' दाबू नका, म्हणजे दुकानदाराच्या डिस्कला धक्का लागणार नाही.

मग पंधरा मिनिटे शांतपणे तपासा. मोबाइलच्या हॉटस्पॉटला वायफाय जोडले जाते काय? आवाज येतो काय? माइक व कॅमेरा चालतो काय? उजेड कमी-जास्त करण्याची बटणे काम करतात काय? झाकण मिटून पाच मिनिटांनी उघडल्यावर यंत्र जागे होते काय? प्रत्येक यूएसबी खाचेत माउस लावून पाहा. मिंटमधील 'पॉवर स्टॅटिस्टिक्स' उघडा. बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता तेथे दिसते. निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीची रक्कम किमतीतून वळती करून मागा. शेवटी बायोस उघडून पाहा. कचेरीतून आलेल्या यंत्रांवर कधी कधी जुन्या मालकाचा पासवर्ड राहिलेला असतो. असे यंत्र कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका. दुकानदार पेनड्राइव्ह लावू देत नसेल, तर नम्रपणे सलाम करून दुसरे दुकान गाठावे. आपण भांडे घेतानाही वाजवून घेतो. येथे तर मुलांच्या अभ्यासाचा प्रश्न आहे.

विद्यार्थी मित्रांनो, यंत्र घरी आल्यावरचे काम तुमचे आहे. लिनक्समध्ये मराठी टंकलेखनाचा इनस्क्रिप्ट पाटा तयार मिळतो. सेटिंगमध्ये तो जोडून घ्या. मुंबईच्या आयआयटीचा 'स्पोकन ट्युटोरियल' हा प्रकल्प लिनक्स, लिब्रेऑफिस आणि प्रोग्रॅमिंगचे धडे विनामूल्य देतो, मराठीतही देतो. रोज अर्धा तास बसलात तर चार महिन्यांत यंत्र तुमच्या हुकुमात येईल. आणि घरात एकच लॅपटॉप असेल, तर तो भावाइतकाच बहिणीच्याही हाती गेला पाहिजे, हे पालकांनी पाहावे. लिनक्समध्ये प्रत्येकाचे खाते वेगळे करता येते. जागेवरून वाद होण्याचे कारण नाही.

संस्थेला माझी एक सूचना आहे. शाळेत मिंटचे दोन-तीन पेनड्राइव्ह तयार ठेवावेत आणि लॅपटॉप घेण्यास निघालेल्या पालकांना ते पुस्तकाप्रमाणे नोंद करून द्यावेत. सोबत आमच्या संगणक-खोलीत शिकलेला एखादा मोठा विद्यार्थी पाठविता येईल. खर्च अगदी थोडा, आणि एका कुटुंबाची वर्षाची बचत वाया जाण्यापासून वाचेल.

तात्पर्य, आधी काम ठरवा, मग आतले भाग पाहा, पेनड्राइव्ह लावून तपासा आणि त्यानंतरच खिशात हात घाला.