देवघरातला रामटंका



पुष्कळांच्या देवघरात टाकांशेजारी एक रामटंका असतो. एका अंगाला सिंहासनावर राम-सीता, भोवती भाऊ आणि हनुमान; दुसऱ्या अंगाला बहुधा धनुर्धारी राम-लक्ष्मण. हे चलनातले नाणे नव्हे. पूजेसाठी घडवलेली ती मुद्रा. एखादे दिवशी कुणीतरी सांगतो, "अहो, लिलावात याचे लाखो रुपये येतील!" घरात मुलीचे लग्न असले, सोसायटीचे कर्ज असले, की मन लगेच हलते. म्हणून आज, अशा मुद्रेची किंमत अजमावायची कशी, एवढेच पाहू.

पहिली गोष्ट, तिला चिंच लावू नका. देव उजळायची आपली रीत चांगलीच आहे; पण विकायची वस्तू घासली की तिचा जुना रंग जातो, ओरखडे उठतात आणि संग्राहक पाठ फिरवतो. झिजलेले अक्षर पुन्हा उमटत नाही.

दुसरी गोष्ट धातूची. कसोटीवर घासू नका, पाण्यात तोला. गुरुजी, हा प्रयोग शाळेत करण्याजोगा आहे. काटा मात्र सोनाराचा हवा. ११ ग्रॅमची शुद्ध चांदीची मुद्रा दोऱ्याने पाण्यात टांगून तोलली, तर वजन सुमारे १ ग्रॅमने कमी भरते. पितळेवर नुसता मुलामा असेल, तर सुमारे १.३ ग्रॅमने. चांदी निघाली, तर वजन गुणिले त्या दिवसाचा भाव, एवढी निदान किंमत कळली.

तिसरी गोष्ट, कोरलेल्या सालावर विसंबू नका. एका बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचे नाव व १८१८ साल आणि दुसऱ्या बाजूला हनुमान किंवा रामदरबार, असे 'अर्धा आणा' म्हणून मिळणारे तुकडे कंपनीच्या टांकसाळीतले नव्हेतच. ते मागाहून बनवलेले आहेत. मद्रासेकडे कंपनीने देवमूर्तींचे होन पाडले होते, हे खरे. पण ते निराळे. आणि जुने तेवढे महाग, असेही नाही. शिवराई जुनी खरी, पण झिजलेल्या शिवराया इतक्या सापडतात, की एकेकीला फार किंमत येत नाही.

आता लिलाव. तिथे भाव वस्तूवर लिहिलेला नसतो. घेणारे दोघे अडून बसले म्हणजे तो चढतो. तेव्हा तशाच घडणीच्या, तितक्याच झिजलेल्या मुद्रा पूर्वी कितीला गेल्या ते पाहा. समजा, पाच विक्र्या अशा आहेत: १,८००, २,०००, २,२००, २,४०० आणि ९,०००. सरासरी येते ३,४८०. पण चौघांना तेवढे मिळालेलेच नाहीत! मधला आकडा २,२०० हाच धरायचा. त्यातून लिलाववाल्याची दलाली वजा. ती शेकडा १० असली, तर हाती १,९८०. मागितलेली किंमत ही आलेली किंमत नव्हे, हेही ध्यानात असू द्या.

आणि शेवटी सावधगिरी. "आधी नोंदणीचे पैसे पाठवा, मग लाखो घ्या," असे म्हणणाऱ्याला दारातूनच रामराम करा. जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारासाठी आपल्या नावाने कुणी शुल्क वा दलाली मागितली तर देऊ नका, असे रिझर्व्ह बँकेने २०२१ साली जाहीरपणे बजावले आहे. नांगराच्या फाळाला पुरलेले धन लागले, तर ते घरात दडवू नका. १८७८ च्या कायद्याप्रमाणे १० रुपयांहून जास्त मोलाच्या धनाची कलेक्टरांना लेखी खबर द्यावी लागते.

गुरुजी, गावात असा प्रसंग आला, तर माणसे आधी तुमच्याकडे येतील. त्यांना तो मधला आकडा काढून दाखवा. मग ज्याला विकायचे तो डोळे उघडे ठेवून विकील. आणि १,९८० रुपयांसाठी आजीच्या हातचा रामटंका द्यावा का, हे ज्याचे त्याला ठरवता येईल.