पूर्ण नाव काय?

(रेल्वे व डाक कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



महागाई भत्ता आणि पेन्शन यांवर बोलणारे वक्ते आज पुष्कळ आहेत. मला अध्यक्षांनी "काही वेगळे सांगा" असे म्हटले. मी मॅट्रिक झालेला माणूस, पंडित नव्हे. पण एका विषयाचा मला बरीच वर्षे नाद आहे. तो म्हणजे युरोपातल्या लोकांची नावे आणि आडनावे.

हा नाद कसा लागला ते सांगतो. १९८९ साली मी गँगमध्ये लागलो. पहिल्याच दिवशी डबा खायच्या वेळी एका जुन्या माणसाने विचारले, "पूर्ण नाव काय?" मी माझे नाव सांगितले, वडिलांचे सांगितले. तो म्हणाला, "ते झाले. आडनाव?" आडनाव ऐकल्यावर त्याने आपला डबा उचलला आणि चार हात लांब जाऊन बसला. तेव्हापासून डोक्यात विचार शिरला, की हे आडनावाचे प्रकरण जगात इतरत्र कसे आहे?

साथींनो, हजार वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या साध्या माणसाला आडनाव नव्हते. गावात पाच जॉन असले, की लोकच त्यांना वेगवेगळे ओळखू लागत. एक जॉन टेकडीवर राहणारा, तो हिल. एक बापाच्या नावाने ओळखला जाणारा, तो जॉनसन किंवा स्टीफनसन. एक सावळ्या वर्णाचा, तो ब्राऊन. आणि एक लोखंड ठोकणारा, तो स्मिथ. बाप, ठिकाण, रूप आणि काम, या चार गोष्टींतून बहुतेक आडनावे निघाली. आइसलँडमध्ये तर आजही बहुतेकांना घराण्याचे आडनाव नाही. बापाचे किंवा आईचे नाव लावतात, मुलगा असेल तर पुढे 'सोन' आणि मुलगी असेल तर 'दोत्तिर'.

यातली कामाची आडनावे आपल्या जवळची. लोहार प्रत्येक गावाला लागतो, म्हणून तो युरोपभर आहे. इंग्लंडात स्मिथ, जर्मनीत श्मिट, फ्रान्समध्ये लफेव्र, पोलंडात कोवाल्स्की, हंगेरीत कोवाच आणि इटलीत फेरारी. होय, कोट्यवधी रुपयांची ती फेरारी गाडी. तिच्या नावाचे मूळ लोखंडात आणि लोहारकामात आहे. ती गाडी चालवून २००० ते २००४ अशी सलग पाच वर्षे जगज्जेता झालेला मायकल शूमाकर जर्मन. शूमाकर म्हणजे जोडे शिवणारा. जोडे शिवणाऱ्याच्या आडनावाचा माणूस लोहाराच्या आडनावाची गाडी पळवतो आणि सगळे जग टाळ्या वाजवते. त्याच्या शेजारी बसून जेवायचे की नाही, हे कोणी त्याच्या आडनावावरून ठरवले नाही.

आता आपल्या दोन खात्यांकडे वळू. १८४० साली इंग्लंडात एका पेनीत देशात कुठेही पत्र जाऊ लागले. ती योजना मांडणारा रोलंड हिल, म्हणजे टेकडीवाला. आणि १८२५ साली स्टॉकटन-डार्लिंग्टन मार्गावर स्वतः बांधलेले इंजिन चालवणारा जॉर्ज स्टीफनसन, म्हणजे स्टीफनचा मुलगा. त्याचा बाप कोळशाच्या खाणीवर पंपाच्या इंजिनाचा फायरमन होता. जॉर्जला अठरा वर्षांचा होईपर्यंत लिहिता-वाचता येत नव्हते. 'जॉर्ज' हे नाव मूळ ग्रीक. अर्थ माती कसणारा, शेतकरी. इंग्लंडच्या गादीवर सहा जॉर्ज राजे झाले. सहाही जणांचे नाव शेतकऱ्याचे!

मात्र आडनाव कष्टाचे आहे म्हणून माणूस कष्टकऱ्यांचा असतोच, असे समजू नका. १३८१ साली इंग्लंडच्या सरकारने डोईपट्टी बसवली, माणशी एक शिलिंग. शेतमजूर आणि कारागीर उठले. त्यांचा पुढारी वॉट टायलर. टायलर म्हणजे कौले बसवणारा. राजाशी बोलणी चालू असताना त्याला मारले. पुढे सहाशे वर्षांनी, १९९० साली, त्याच देशात पुन्हा डोईपट्टी आली. लंडनमध्ये मोठा दंगा झाला आणि त्याच वर्षी पंतप्रधानांना खुर्ची सोडावी लागली. त्या मार्गारेट थॅचर. थॅचर म्हणजे गवताने छप्पर शाकारणारा. आडनाव नवऱ्याकडचे, पण अर्थ तोच. १९८४-८५ मध्ये खाणकामगारांचा वर्षभराचा संप मोडून काढणाऱ्याही याच. एक कौले बसवणारा, एक छप्पर शाकारणारा, धंदा जवळजवळ एकच. पण एक डोईपट्टीविरुद्ध मेला आणि दुसरीने ती बसवली.

आता आपल्या घरचे उदाहरण. पोर्तुगीज अमलात गोव्यात ज्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला, त्यांना बाप्तिस्म्याच्या वेळी पोर्तुगीज आडनावे मिळाली. त्यांतले 'फर्नांडिस' म्हणजे फर्नांडोचा मुलगा. मंगळूरच्या एका ख्रिस्ती घरात ३ जून १९३० रोजी मुलगा जन्मला. त्याच तारखेला इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज जन्मला होता. आईला त्या राजाचे मोठे कौतुक, म्हणून तिने मुलाचे नाव जॉर्ज ठेवले. म्हणजे नाव इंग्रज राजाचे आणि आडनाव पोर्तुगिजांचे. त्याच जॉर्ज फर्नांडिसांच्या नेतृत्वाखाली ८ मे १९७४ रोजी रेल्वेचा संप सुरू झाला आणि वीस दिवस चालला. त्या संपात नोकरी गमावलेल्यांपैकी कोणी त्यांना विचारले का, की तुमचे आडनाव असे कसे? त्यांचे काम पाहून लोक मागे गेले.

साथींनो, माणसाचे आडनाव माणूस निवडत नाही. ते कधी शेजाऱ्यांनी ठेवले, कधी पाद्र्याने दिले, कधी कारकुनाने वहीत लिहिले. त्याच्या हातात असते ते त्याचे काम.

तो चार हात लांब बसलेला माणूस पुढे निवृत्त झाला. त्याच्या पेन्शनचे कागद अडले होते. युनियनतर्फे मी सहा महिने खेटे घालून ते सोडवले. त्याने आडनावाचा विषय काढला नाही, मीही काढला नाही. पण त्या पहिल्या दिवशीचा तो डबा मी विसरलो नाही, हेही खरे आहे.

आज आपल्या गँगमध्ये, सॉर्टिंगच्या टेबलावर नवी मुले-मुली येतात. त्यांना नाव जरूर विचारा. नाव सांगून झाले, की "आडनाव?" असे पुढे विचारू नका. सरकून जागा द्या आणि डबा उघडा.

कामगार एकजुटीचा विजय असो!