वेचलेली गाणी आणि राहिलेली गाणी



शाळेच्या पुस्तकातले वेचे आपण सर्वांनीच वाचले आहेत. सबंध काव्य वाचायला सवड नसते, म्हणून कुणी जाणता माणूस त्यातले मोजके उतारे निवडून देतो. परशुरामतात्या गोडबोले यांनी १८५४ साली 'नवनीत' हा असाच कवितांच्या वेच्यांचा ग्रंथ सिद्ध केला. गाण्यांच्या तबकड्यांचेही असे वेचे निघतात बरं का! त्यांतल्याच एका जोडसंग्रहाची हकीकत आज सांगायची आहे.

इंग्लंडात लिव्हरपूल नावाचं बंदर आहे. तिथल्या चार तरुणांची गाणारी-वाजवणारी मंडळी म्हणजे बीटल्स. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार हे ते चौघे. 'लव्ह मी डू' ही त्यांची तबकडी ऑक्टोबर १९६२ मध्ये निघाली आणि १९७० साली मंडळी फुटली. पुढे अमेरिकेत कुणी परवानगीवाचून त्यांच्या गाण्यांचा संच बांधून विकायला काढला. तेव्हा अधिकृत संग्रह काढणं भागच पडलं. एप्रिल १९७३ मध्ये दोन संग्रह आले. तांबड्या वेष्टनात १९६२ ते १९६६ ची २६ गाणी. निळ्या वेष्टनात १९६७ ते १९७० ची २८.

वेष्टनांवरची छायाचित्रं मोठी बोलकी आहेत. लंडनमधल्या ध्वनिमुद्रण कंपनीच्या कचेरीतला एकच जिना आणि कठड्यावरून खाली वाकून पाहणारे तेच चौघे. तांबड्यावरचं चित्र १९६३ चं, निळ्यावरचं १९६९ चं. पहिल्यात तुळतुळीत दाढी केलेली पोरं. दुसऱ्यात दाढ्यामिशा आणि खांद्यावर रुळणारे केस. अवघी सहा वर्षं, पण माणसं किती बदलली!

आता निवडीकडे पाहू. तांबड्या संग्रहातली सव्वीसच्या सव्वीस गाणी लेनन आणि मॅकार्टनी यांच्या नावावरची. हॅरिसनचं एकही नाही. गंमत अशी की, त्यातल्या 'नॉर्वेजियन वुड' या १९६५ च्या गाण्यात सतार वाजते, ती हॅरिसननेच वाजवलेली. पुढच्याच वर्षी पंडित रविशंकरांपाशी सतार शिकायला तो मुंबईस आला. म्हणजे संग्रहात त्याची सतार होती, पण त्याची रचना नव्हती. त्या काळात त्याने काही रचलंच नव्हतं असंही नाही. १९६६ च्या 'रिव्हॉल्व्हर' या तबकडीतलं पहिलंच गाणं, 'टॅक्समन', त्याचं होतं. पण ज्यांनी फक्त संग्रहच ऐकला, त्यांच्या लेखी तांबड्या काळातला हॅरिसन हा नुसता वाजवणारा राहिला. निवड करणारा काही खोटं सांगत नाही. तरी ऐकणाऱ्याचं चित्र अपुरं राहतं, ते असं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये हे दोन्ही संग्रह वाढवून पुन्हा काढण्यात आले. तांबड्यात बारा गाणी नवी आली, निळ्यात नऊ. 'टॅक्समन' आता आलं. भारतीय वाद्यांच्या साथीने १९६७ साली बांधलेलं हॅरिसनचं 'विदिन यू विदाउट यू' हेही आलं. स्वतः हॅरिसन मात्र २००१ सालीच वारला होता.

तरीही एक राहिलंच. जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसनने मुंबईच्या एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत आपल्याकडच्या वादकांना घेऊन 'द इनर लाइट' या गाण्याचं वाद्यसंगीत मुद्रित केलं; गायन नंतर लंडनमध्ये झालं. मुंबईत घडलेलं हे गाणं वाढवलेल्या संग्रहातही नाही.

म्हणून संग्रह ऐकू नये असं मी म्हणत नाही. नवख्या माणसाला वाट दाखवायला त्याच्यासारखं साधन नाही. पण तो वाट दाखवतो, सगळा मुलूख नव्हे. शिक्षकमित्रांना एक सुचवावंसं वाटतं. मुलांना आपल्या आजीकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून आणायला सांगा. मग त्यांतल्या दहाच ओव्या वर्गाने निवडायच्या. निवड झाली की, ज्या गळल्या त्या का गळल्या, हे प्रत्येकाला विचारा. पुस्तकातला वेचा मुलं त्यानंतर अधिक सावधपणे वाचू लागतील.